बोल्ट नंबर ४१८६

बडगाव, कन्नोदजवळ
६ सप्टेंबर १९५३

प्रिय जयसिंगदादा,

दंडवत. तुम्ही म्हणाल, संताजीला काम पडलं की मामेभाऊ आठवतो. खरंच आहे ते. म्हणून कामाचंच आधी लिहितो.

रानडुकरांनी यंदा मका ठेवला नाही. मी आणि आमचा पोरगा रघुवीर मचाणावर बसून डबे बडवतो, तर ती आता डब्याच्या तालावर चरायला लागलीत. बंदुकीचं लायसन मागच्या महिन्यात मिळालं आणि तेव्हापासून रघुवीर माझा पिच्छा सोडत नाही. त्याची पोलिसात सब-इन्स्पेक्टरसाठी निवड झाली हे तुम्हाला कळलं असेलच. जानेवारीत ट्रेनिंगला जायचं आहे, त्याआधी हात बसायला हवा असं त्याचं म्हणणं. त्याची आई, गंगू, तर गावभर सांगत सुटलीय. वर्दी अजून शिवली नाही, पण हिच्या बोलण्यात तो फौजदार होऊन रिटायरही झालाय.

कन्नोदच्या बाजारात ऐकलं की तुमच्या बंदुकीच्या दुकानाच्या शेठजींनी परदेशातून लढाईत उरलेल्या रायफली मागवल्यात. तिथे एक जण म्हणाला, "अरे भिया, वो तो फौज का फेंका हुआ माल है, हाथ मत लगाना." दुसरा म्हणाला, असलं पोलाद पुन्हा होणार नाही. मी जन्मभर होळकर सरकारच्या पागेत घोडे सांभाळले. दात बघून घोड्याचं वय सांगीन, पण बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही. तुम्ही तीस वर्षं होळकरांच्या शस्त्रागारात काढलीत. तुम्ही घे म्हणालात तर घेतो, नको म्हणालात तर पुन्हा डबे आहेतच.

ट्रंकेत शिकारीची जुनी काडतुसं पडली आहेत, दरबारच्या वेळची. त्याच मापाची बंदूक मिळाली तर तीही कामाला येतील.

वहिनींना नमस्कार.

तुमचा
संताजी

•

मल्हारगंज, इंदूर
१४ सप्टेंबर १९५३

चि. संताजी,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून हसलो. घरी तुझ्या वहिनींना, द्वारकाबाईंना, वाचून दाखवलं, त्याही हसल्या आणि म्हणाल्या, रघुवीर फौजदार झाला की पहिला सलाम मला ठोकायला सांगा.

आता बंदुकीचं. बाजारात जे दोघे बोलले ते दोघेही अर्धं खरं बोलले. बावीस रायफली आल्या आहेत. खोकी उघडली तेव्हा मेणासारख्या पिवळ्या चरबीत इतक्या बुडालेल्या होत्या की कोणती कोणती आहे ते कळेना. आठ दिवस मी गरम पाणी आणि रॉकेल घेऊन त्यांना आंघोळी घालत बसलो होतो. काही लढाईच्या आधीच्या आहेत. त्यांचं काम बघशील तर हात फिरवत बसशील. पोलादावर कानशीचा एक ओरखडा नाही, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, एकेका स्क्रूवरसुद्धा नंबर ठोकलेला. शेवटच्या वर्षांतल्या मात्र घाईच्या आहेत. लाकडाच्या पातळ फळ्या चिकटवून दस्ते केलेत, पट्ट्या पत्रा ठोकून बनवलेल्या, बाहेरून बघवत नाहीत. पण आत नळी लख्ख. एक दस्ता तर असा आला की त्यावर कुण्या शिपायानं चाकूनं तेवीस रेघा कोरल्या होत्या. घरी जायचे दिवस मोजत असेल बिचारा. ती मी तुला देणार नाही.

सहा मी नापास केल्या. नळीत गंजाचे खड्डे होते. शेठजींचं तोंड उतरलं, पण मी म्हणालो, माझ्या हाताखालून जाईल ती पास, बाकीच्यांचे तुम्ही खिडकीचे गज करा.

तुझ्यासाठी एक बाजूला काढली आहे. नंबर ४१८६. लढाईच्या दोन वर्षं आधीची. तुला कळेल असं सांगतो. काडतूस आत गेल्यावर मागून जे दार लागतं त्याला बोल्ट म्हणतात. आत स्फोट होतो तो सगळा त्या दाराच्या जिवावर झेलायचा असतो. प्रत्येक बंदुकीला तिचा बोल्ट घासून बसवलेला असतो, म्हणून दोघांवर एकच नंबर. दुसरीचा बोल्ट आत जातो, बंद होतो, दिसायलाही ठीक दिसतो, पण केसभर फट राहिली तरी घात. या बंदुकीचा बोल्ट तिचाच आहे. ती फट मोजायचं गेज लावून मी बघितलंय.

जुनी काडतुसं मात्र वापरू नकोस. नवी देतो. दसऱ्याला सगळे या आणि घेऊन जा. हिची हमी माझी.

जयसिंगराव

•

बडगाव
२ नोव्हेंबर १९५३

प्रिय दादा,

दंडवत. दसऱ्याला तुमच्याकडे जो पाहुणचार झाला त्याची चव अजून जिभेवर आहे. गंगू वहिनींसारख्या पुरणपोळ्या करायला बसली आणि आता ती त्यांच्यासारखी लाटणी कुठे मिळतात ते विचारते आहे.

बंदूक म्हणजे बंदूक आहे. रघुवीरनं दोन डुकरं पाडली. पंचक्रोशीत नाव झालं. पाटील स्वतः बघायला आले, हातात घेऊन म्हणाले, "वजनदार है, मगर निशाना मक्खन." तुमचं नाव सांगितलं तेव्हा म्हणाले, मग बरोबर आहे. मला माझीच पाठ थोपटल्यासारखं झालं.

खंडेनवमीच्या पूजेत वहिनींनी बोल्टला लावलेलं कुंकू अजून आहे. गंगू म्हणते पुसू नका, शकुनाचं आहे.

एक विचारायचं होतं. गोळी झाडल्यावर काडतुसाची रिकामी पितळी केस बाहेर काढताना जरा अडकते, आणि तिच्या बुडाच्या वर गोल चकचकीत कडं उमटलेलं दिसतं, जणू कुणी नखानं घासलंय. आतापर्यंत झाडलेल्या पाचही काडतुसांच्या केसांवर आहे. रघुवीर म्हणतो काकांना लिहा. मी म्हणालो, नव्या बुटासारखं असेल, वापरून बसेल. तरी तुम्ही म्हणाल तसं करू.

दिवाळी चार दिवसांवर आली. फराळाचा डबा मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो.

संताजी

•

इंदूर
१० नोव्हेंबर १९५३

चि. संताजी,

आशीर्वाद. डबा मिळाला. अनारसे उत्तम, चकल्या गंगूबाईंनी केल्या नसाव्यात.

केसांच्या कड्याचं काही मनावर घेऊ नकोस. चरबी आत कोपऱ्यात राहिली असेल, त्यानं तसं होतं. काठीला फडकं गुंडाळून रॉकेलनं पुसून घे. मी पास केलेली बंदूक आहे, तू निश्चिंत राहा. इथे दुसऱ्या खोक्यांची आवक झाली आहे आणि मान वर करायला फुरसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

रघुवीरला शाबासकी.

जयसिंगराव

•

बडगाव
५ जानेवारी १९५४

प्रिय दादा,

बावीस दिवस तुमच्या घरी राहिलो आणि निघताना आभार मानायचे राहिले, म्हणून आज लिहितो. वहिनी रोज पहाटे उठून रघुवीरसाठी पातळ भात करत. तुम्ही या वयात डबा हातात घेऊन दवाखान्यात पायी जात होता. माझ्या सख्ख्या भावानं केलं नसतं. मी गंगूला रोज म्हणतो, माणसाला भाऊ असावा तर असा.

डॉक्टरांनी हात टेकले ते तुम्हाला माहीत आहेच. उजवा डोळा गेला. डावा शाबूत आहे. गालावरचे व्रण आता काळे पडलेत. पोलीस खात्याचं पत्र अजून आलेलं नाही, पण येणार काय ते आम्हाला कळतं. तो फार बोलत नाही. मला मात्र काहीबाही विचारत असतो, बाबा, चहा घेतला का, बाबा, बैल बांधले का. मीच धीर देण्याऐवजी तोच मला देतो.

दादा, तुम्हाला एक सांगायचं आहे. दवाखान्यात तुम्ही विचारलं होतं, काडतूस कोणतं होतं, आणि मी सर्वांसमोर म्हणालो की नवं. ते खोटं होतं. नवी संपत आली होती. मी ट्रंकेतली जुनी पाच रघुवीरच्या पट्ट्यात नव्यांबरोबर खोचून दिली. दिसायला सारखीच होती. तुम्ही नको म्हणून लिहिलं होतं, पण मला वाटलं, पडून राहून काय उपयोग. रघुवीरला मी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी नाल्याच्या काठी त्याला डुक्कर दिसलं, त्यानं झाडली, आणि पुढे जाण्याऐवजी आग मागे त्याच्या तोंडावर आली.

मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. गंगूला नाही, रघुवीरला नाही. आधी मला खात्री हवी आहे. ठाण्याचे शंकरराव जमादार कामासाठी इंदूरला येताहेत, त्यांच्याबरोबर बंदूक पाठवतो. फुटलेली केस बोल्टच्या तोंडाशी चिकटूनच आहे, कोणी हात लावलेला नाही. तुम्ही बघा आणि मला खरं काय ते कळवा. माझ्या काडतुसानं झालं का. तुम्ही हो म्हणालात तर मी रघुवीरसमोर कबूल करीन. नाही म्हणालात तर निदान झोप तरी लागेल.

तुमचा
संताजी

•

इंदूर
१८ जानेवारी १९५४

चि. संताजी,

आशीर्वाद. शंकरराव जमादार बंदूक देऊन गेले. पाहिली. साफ केली. बंदुकीत दोष नाही.

जुनी काडतुसं अशीच असतात. पितळ आतून ठिसूळ होतं, बाहेरून कळत नाही. तरी तू स्वतःला फार बोल लावून घेऊ नकोस. होणारं चुकत नाही. रघुवीरला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, माझ्या मते सांगू नये.

बंदूक शंकररावांबरोबर परत पाठवतो आहे. विकायची असेल तर इथे गिऱ्हाईक बघेन. द्वारकाबाईंची तब्येत जरा नरम आहे.

जयसिंगराव

•

बडगाव
२८ मार्च १९५४

प्रिय दादा,

दंडवत. तुमची दोन महिने खुशाली नाही. वहिनी बऱ्या आहेत ना. या आठवड्यात रंगपंचमी झाली म्हणे, आमच्याकडे कोणी रंगाला हात लावला नाही.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी रघुवीरला सांगून टाकलं. तुम्ही नको म्हणाला होता. पण तो रोज मला चहाचं विचारायचा, आणि ते माझ्यानं ऐकवेना. अंगणात बसलो होतो. मी म्हणालो, बाबा रे, तुझा डोळा माझ्या कंजुषीनं गेला. जुनी काडतुसं मी घातली. जयसिंगकाकांनीही बंदूक बघून तसंच लिहिलंय. मी तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं.

तो वाचून म्हणाला, "मला सांगितलं का नाही? मी झाडलीच नसती." एवढंच. मग उठला, अंथरूण घेतलं आणि शेतातल्या झोपडीत राहायला गेला. दोन महिने झाले. गंगू जेवण तिकडे पोचवते. त्याच्याशी बोलते, माझ्याशी बोलत नाही. पोलीस खात्याचं पत्रही आलं, निवड रद्द. ते त्यानं मला दाखवलं नाही, पोस्टमननं सांगितलं. परवा मी झोपडीपाशी गेलो तर तो पाण्याला नाल्यावर गेला आणि मी घरी परतेपर्यंत आला नाही. मी विहिरीच्या काठावर बसून होतो, त्याला दिसत होतो. डाव्या डोळ्यानं त्याला लांबचं चांगलं दिसतं.

दादा, आता तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्हाला तो उस्ताद मानतो. बंदुकीच्या बाबतीत तुमचा शब्द त्याला पुरतो. तुम्ही त्याला एक पत्र लिहा. त्यात लिहा की जुनं काडतूस ओळखता येत नाही, मोठमोठे लोक फसतात, बाबांच्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं. माझा गुन्हा कमी करा असं म्हणत नाही. फक्त तो घरी येऊन जेवू दे. मी दुसऱ्या खोलीत बसेन हवं तर.

पत्र रघुवीरच्या नावानं टाका.

संताजी

•

मल्हारगंज, इंदूर
११ एप्रिल १९५४

चि. संताजी,

तू सांगितलेलं पत्र रघुवीरच्या नावानं चारदा लिहायला घेतलं. चारही फाडली. हे तुझ्या नावानं लिहितो. वाचून झालं की त्याला दे. शंकरराव जमादारांना दाखवायचं असेल तर दाखव, माझी सही खाली आहे.

रघुवीरचा डोळा तुझ्या काडतुसानं गेला नाही. माझ्या हातानं गेला.

तुझी बंदूक ४१८६. शंकररावांनी ती आणून दिली तेव्हा मी बोल्ट बाहेर काढला. मुठीच्या बुडाशी नंबर कोरलेला असतो. बाकी बोल्ट काळा पडला होता, पण कोरलेल्या आकड्यांमध्ये कुंकू तसंच बसलेलं होतं. लाल आकडे मला वाचता आले. २९५०. दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट तुझ्या बंदुकीत होता.

कसं झालं ते सांगतो. शस्त्रागारात खंडेनवमीला सरकार स्वतः दर्शनाला येत. राजासमोर चालू शस्त्र ठेवायचं नाही म्हणून सगळे बोल्ट आधी काढून वेगळे मांडायचे, ही आमची रीत. तीस वर्षं मी तसंच करत आलो. तिथे प्रत्येक बंदुकीला भिंतीवर खुंटी होती, खुंटीला नंबर होता, आणि पूजेनंतर गेज लावल्याशिवाय एकही रायफल कोठीत जात नव्हती. आता सरकार नाही, दर्शनाला कोणी येत नाही, तरी दुकानात मी बोल्ट काढून पाटावर ओळीनं मांडले. सवय. द्वारकाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. हळदकुंकू वाहिलं, नैवेद्याला जागा करायला दोन बोल्ट उचलून बाजूला केले आणि पुन्हा ठेवले. मी ते पाहिलं होतं.

संध्याकाळी शेठजी म्हणाले, गिऱ्हाईक येणार आहे, माल रॅकवर लावा. आकड्यांवर कुंकू होतं. पूजेचं कुंकू सीमोल्लंघन होईपर्यंत पुसायचं नसतं. मी पुसलं नाही. ओळीतल्या जागेवरून अंदाजानं बोल्ट परत घातले. गेज माझ्या टेबलाच्या खणात होतं. मी खण उघडला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे सोनं द्यायला आलात, घरात हसणंखिदळणं होतं, आणि तिसऱ्या दिवशी मी ती बंदूक माझ्या हातानं तुझ्या हातात दिली.

हे एवढंच असतं तरी मी माणूस म्हणून तोंड दाखवलं असतं. पण तू २ नोव्हेंबरला मला लिहिलं होतंस की केसांवर चकचकीत कडं उमटतं. संताजी, फट जास्त असली की केस ताणली जाते आणि नेमकं तिथेच कडं पडतं. शस्त्रागारात एखादा शिपाई अशी केस घेऊन आला असता तर मी त्याच्या हातातून बंदूक तिथल्या तिथे काढून घेतली असती. रघुवीर म्हणाला होता, काकांना लिहा. त्याला कळलं होतं. मी पास केलेल्या बंदुकीत खोट असेल हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही, आणि मी तुला रॉकेल लावायला सांगितलं. त्यानंतर अठरा दिवसांनी त्याचा डोळा गेला.

तुमची तार आली तेव्हाच मला ते कडं आठवलं. तुम्ही बावीस दिवस माझ्या घरात होता आणि मला रोज संशय होता. डबा घेऊन कृष्णपुऱ्याच्या पुलावरून जाताना ठरवायचो, आज बोलायचं. दवाखान्यात रघुवीरनं एकदा माझा हात धरून विचारलं, "काका, माझं काही चुकलं का? बोल्ट मी नीट लावला होता." मी म्हणालो, नाही बेटा, तुझं काही चुकलं नाही. तिथे पुढचं एक वाक्य बोलायला हवं होतं. मी डबा उघडला आणि त्याला भात भरवला. ज्या डब्यामुळे तू मला भाऊ म्हणतोस तो असा होता.

मग तुझं पत्र आलं, जुन्या काडतुसांचं. तुला सांगायला लाज वाटते, ते वाचून मला हलकं वाटलं. तुझी जुनी काडतुसं चांगली नव्हती हे खरं. पण बरोबर बोल्ट असता तर ती फार तर उडली नसती, नाही तर केसेला चीर पडून राहिली असती. तोंडावर आग आली नसती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मी तुला लिहिलं, बंदुकीत दोष नाही.

लिहिलं तेव्हा ते खोटंही राहू नये अशी मी व्यवस्था केली. तुझा बोल्ट ज्या बंदुकीत गेला होता ती पलासियाच्या बंगल्यात नानासाहेबांकडे आहे, रिटायर्ड जज्ज. मी त्यांच्याकडे गेलो, म्हणालो, साहेब, दुकानाकडून फुकट सफाई आहे. दैवानं त्यांनी ती एकदाही झाडलेली नव्हती. त्यांच्यासमोर बोल्ट बदलला, त्यांनी मला चहा दिला. घरी येऊन तुझ्या बंदुकीत ४१८६ घातला आणि शंकररावांच्या हवाली केली. आता दोन्ही बंदुकांचे नंबर जुळतात. जगात कोणीही तपासलं तरी माझ्यावर काही निघणार नाही.

म्हणून मी गप्प राहू शकलो असतो. पण तू विहिरीच्या काठावर बसून होतास असं लिहिलंस. मी सांगू नको म्हणालो होतो, आणि तू सरळ माणूस, सांगून मोकळा झालास, माझं खोटं खरं मानून. डोळा तर गेलाच होता. त्याचा बाप मी घेतला.

काल शेठजींना सगळं सांगितलं आणि किल्ल्या दिल्या. उरलेल्या सगळ्या रायफली मी गेज लावून पुन्हा बघितल्या, त्यांचे नंबर बरोबर आहेत. नानासाहेबांनाही जाऊन सांगितलं. द्वारकाबाईंना सांगितलं, पण दोन बोल्ट हलवल्याचं सांगितलं नाही, ते तूही सांगू नकोस. त्यांनी नैवेद्याला जागा केली, चूक त्यात नाही.

तू म्हणशील तेव्हा येतो आणि रघुवीरसमोर उभा राहतो. तू पोलिसांत दे म्हणालास तर तिकडे जातो. माफी मागायची माझी लायकी नाही, पण मागतो.

जयसिंगराव

•

बडगाव
२५ एप्रिल १९५४

जयसिंगराव यांस,

पत्र मिळून दहा दिवस झाले. पहिल्यांदा पोस्टासमोरच उभा राहून वाचलं. मग घरी येऊन वाचलं. गंगूला दिलं नाही. झोपडीकडे गेलो आणि रघुवीरसमोर ठेवलं, म्हणालो, हे तुझं आहे.

त्यानं डाव्या डोळ्याजवळ कागद धरून वाचलं. वाचायला त्याला वेळ लागतो आता. मी उभाच होतो. वाचून झाल्यावर घडी घालून मला परत दिलं आणि बैलांकडे गेला. मी घरी आलो. मला वाटलं, काही उपयोग नाही.

दुपारी मी जेवायला बसलो होतो. तो आत आला, पाट घेतला, माझ्या शेजारी टाकला. गंगू भाकरी टाकायची थांबली. तो तिला म्हणाला, "बाबांना आधी वाढ." तीन महिन्यांनी त्याच्या तोंडून बाबा ऐकलं. मी ताटातलं सगळं खाल्लं, मध्येच थांबलो तर तो उठून जाईल असं वाटलं. त्या दिवसापासून घरात झोपतो. कन्नोदला कचेरीत कारकुनाची एक जागा आहे, तिचा अर्ज परवा त्यानं स्वतः लिहिला.

हे तुमच्या पत्रानं झालं, ते मी नाकारत नाही.

बंदूक मी ठाण्यात जमा केली. शंकररावांना पत्र दाखवलं नाही, दाखवणारही नाही. तुम्ही येऊ नका, आणि पोलिसांतही जाऊ नका. त्यानं कोणाचं काय भलं होणार.

रघुवीर म्हणाला, "काकांचा हात चुकला, बाबा. हात कोणाचाही चुकतो." मी म्हणालो, हो. पागेत माझ्या हातून खोगिराचा तंग ढिला बांधला गेला म्हणून एकदा एक स्वार पडला होता, त्याचा खुबा मोडला. हात चुकतो. खंडेनवमीचं मी मनातून काढून टाकलं आहे. नोव्हेंबरचंही काढीन. पण तुमचं अठरा जानेवारीचं पत्र हात चुकून लिहिलेलं नाही. ते माझ्या ट्रंकेत आहे. फाडायला दोनदा काढलं आणि पुन्हा ठेवलं. मी तुम्हाला एकच विचारलं होतं, माझ्या काडतुसानं झालं का. तुमच्याकडे त्याचं खरं उत्तर होतं, आणि तुम्ही खोटं लिहून माझं पोर माझ्यापासून तोडलंत.

वहिनींना गंगूचा नमस्कार. त्या दोन बोल्टांचं त्यांना काही कळू देणार नाही, तुमचा तेवढा शब्द पाळतो. रघुवीर हे लिहिताना शेजारी बसला आहे. तो म्हणतो, काकांना माझा नमस्कार लिहा. त्याचा लिहिला आहे. माझा आज लिहवत नाही.

संताजी